दुसऱ्या पायरीवरचा मोसम : भारतीय महिला रग्बी आणि २०१९ची मनिला

जून २०१९मध्ये भारतातल्या बहुतेक घरांतले दूरचित्रवाणी संच इंग्लंडमधल्या क्रिकेट विश्वचषकावर लावलेले होते. त्याच महिन्यात फिलिपाइन्समधील मनिला येथे भारताच्या महिला रग्बी संघाने सिंगापूरला २१-१९ असे हरवले. पंधरा खेळाडूंच्या रग्बीत भारतीय महिलांनी मिळवलेला हा पहिला आंतरराष्ट्रीय विजय. संघाची कर्णधार होती पुण्याची वाहबिज भरुचा. व्यवसायाने ती फिजिओथेरपिस्ट. स्पर्धेचे नाव ‘एशिया रग्बी महिला अजिंक्यपद, डिव्हिजन १’. नावात ‘एक’ असला तरी आशियाच्या रचनेत ही दुसरी पायरी आहे. जपान, हाँगकाँग, कझाकस्तान हे संघ तिच्या वरच्या गटात खेळत आले आहेत.

दुसऱ्या पायरीवरच्या एका सामन्याबद्दल, तोही अवघ्या दोन गुणांनी जिंकलेल्या, दिवाळी अंकात इतकी पाने का खर्च करावीत, असा प्रश्न वाचकाला पडणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर देण्याचा प्रयत्न या लेखात केला आहे. क्रीडा-इतिहास लिहिताना आपण बहुधा शिखरे मोजतो. ऑलिंपिक पदक, विश्वचषक, विश्वविक्रम यांच्यावर पुस्तके निघतात. पण एखादा खेळ एखाद्या देशात खरोखर रुजला की नाही, तो कोणाचा झाला, हे शिखरावरून दिसत नाही. ते खालच्या गटांत, कमी खर्चाच्या आणि आठवडाभरात उरकणाऱ्या स्पर्धांत दिसते. भारतीय रग्बीचा दीडशे वर्षांचा इतिहास आणि २०१९चा तो छोटा मोसम शेजारी शेजारी ठेवून पाहिले, की ही गोष्ट ठळक होते.

खेळाची तोंडओळख

रग्बी हा मराठवाड्यात अंगणातला खेळ नाही. म्हणून आधी थोडक्यात नियम सांगणे बरे. लंबगोल चेंडू हातात घेऊन धावायचे आणि प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे तो जमिनीला टेकवायचा. याला ‘ट्राय’ म्हणतात आणि त्याचे ५ गुण मिळतात. ट्रायनंतर चेंडू लाथेने मारून इंग्रजी ‘एच’ अक्षरासारख्या गोलखांबांमधून, आडव्या दांडीवरून पलीकडे धाडला तर आणखी २ गुण. प्रतिपक्षाने नियमभंग केला तर पेनल्टीची किक घेता येते, ती साधली की ३ गुण. चाळीस-चाळीस मिनिटांचे दोन भाग असतात. सर्वांत महत्त्वाचा नियम असा की हाताने चेंडू पुढे फेकता येत नाही. फक्त बाजूला किंवा मागे. पुढे जायचे तर स्वतः धावायचे, नाहीतर लाथेने चेंडू पुढे मारायचा. त्यामुळे मागे राहिलेल्या सोबत्याशिवाय पुढच्या खेळाडूला फारसे काही करता येत नाही.

चेंडू घेऊन धावणाऱ्याला विळखा घालून खाली पाडण्याची मुभा असते. कबड्डीत कंबर किंवा पाय धरून चढाईपटूला रोखणारा आपला पकडपटू या कौशल्याच्या जवळपास आहे. फरक इतकाच की कबड्डीत पकड झाली की डाव मिटतो, रग्बीत पकड झाली की खरी झोंबाझोंबी सुरू होते.

‘ट्राय’ या शब्दाचाही एक इतिहास आहे. सुरुवातीच्या काळात रेषेपलीकडे चेंडू टेकवण्याला स्वतःचे गुण नव्हते. त्याने फक्त गोलखांबांवर लाथ मारून पाहण्याचा, म्हणजे प्रयत्न करण्याचा, हक्क मिळत असे. पुढे तो प्रयत्नच गुणांचा मुख्य स्रोत झाला, नाव मात्र तेच राहिले.

या खेळाचे सात खेळाडूंचे धाकटे रूपही आहे. त्यात सात-सात मिनिटांचे दोन भाग असतात आणि एका दिवसात एक संघ अनेक सामने खेळतो. पंधरांचा आणि सातांचा हा फरक पुढे महत्त्वाचा ठरणार आहे.

वितळवलेले रुपये

भारतात रग्बी आला तो बंदरांतून. १८७२च्या नाताळात कलकत्त्यात एक सामना झाला. एका बाजूला इंग्लंडचे, दुसऱ्या बाजूला स्कॉटलंड, आयर्लंड आणि वेल्सचे लोक. पाठोपाठ जानेवारी १८७३मध्ये ‘कलकत्ता फुटबॉल क्लब’ स्थापन झाला. पण क्लब फार टिकला नाही. खेळणारी पलटण शहरातून हलली, क्लबातला मोफत मद्यपानाचा सोहळा बंद झाला, टेनिस आणि पोलो यांनी सभासद ओढून नेले. उन्हाळ्यात हा खेळ खेळणे तसेही कठीण. शेवटी क्लब विसर्जित करायचे ठरले तेव्हा बँकेत काही शिल्लक होती. ती रक्कम चांदीच्या रुपयांच्या रूपात काढून, २७० रुपये वितळवून, एक चषक घडवण्यात आला. त्याच्या तीन मुठी म्हणजे तीन नाग आणि झाकणावर हत्ती. हा चषक क्लबने इंग्लंडच्या रग्बी युनियनला भेट दिला. १८७९पासून इंग्लंड आणि स्कॉटलंड यांच्यातील सामन्याच्या विजेत्याला तो ‘कलकत्ता कप’ म्हणून दिला जातो. जगातल्या सर्वांत जुन्या आंतरराष्ट्रीय रग्बी चषकाच्या अंगात हिंदुस्थानची चांदी आहे, आणि त्यासाठी झुंजणाऱ्यांत हिंदुस्थानचा संघ कधीच नव्हता. भारतीय रग्बीची पहिली शंभर वर्षे समजायला एवढी एक वस्तू पुरते.

मुंबईत हा खेळ १८७५मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे जिमखान्याच्या आवारात वाढला. आझाद मैदानाला लागून असलेले हे मैदान क्रिकेटप्रेमींना वेगळ्या कारणाने माहीत आहे : डिसेंबर १९३३मध्ये भारतातला पहिला कसोटी सामना तिथेच झाला. जिमखाना मात्र गोऱ्यांचा होता. सभासदत्वाचे दार भारतीयांना बंद होते. १९२४पासून अखिल भारतीय रग्बी स्पर्धा सुरू झाली. मुंबई आणि कलकत्ता ही तिची दोन मुख्य केंद्रे. स्वातंत्र्यानंतर पलटणी गेल्या, साहेब गेले, पण खेळ बऱ्याच अंशी त्याच कुंपणात राहिला : दोन-तीन शहरांतले क्लब, सैन्यदलाचे संघ आणि काही निवडक शाळा.

दोन जिमखान्यांची गोष्ट

इथे एक तुलना उपयोगी पडते. १९०६ साली पुण्यात डेक्कन जिमखाना स्थापन झाला, तो भारतीयांनी भारतीयांसाठी. याच संस्थेने १९१४च्या सुमारास खो-खोचे नियम लिखित स्वरूपात आणण्याचे काम हाती घेतले. गावोगाव वेगवेगळ्या पद्धतीने खेळला जाणारा खेळ नियमांच्या पुस्तकात बसला आणि म्हणूनच शाळाशाळांतून पसरू शकला. कबड्डीचेही तसेच झाले. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९३६च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तिचे प्रात्यक्षिक दाखवले, तोवर तिला नियमांची चौकट मिळालेली होती.

एका जिमखान्याने खेळ कुंपणात सांभाळला, दुसऱ्याने तो शाळेच्या पटांगणावर सोडला. कोणत्या खेळाला किती पिढ्यांचे आयुष्य लाभेल हे बऱ्याचदा इथेच ठरते. याला शेजारचा पुरावाही आहे. श्रीलंकेतही रग्बी इंग्रज मळेवाल्यांनी आणि व्यापाऱ्यांनीच नेला. पण तिथे कँडीच्या ट्रिनिटी कॉलेजसारख्या शाळांनी विसाव्या शतकाच्या आरंभीच तो आपलासा केला. ट्रिनिटी आणि कोलंबोचे रॉयल कॉलेज यांच्यातील ब्रॅडबी शील्डचे सामने १९४५पासून खेळले जात आहेत आणि आजही त्यांना मोठी गर्दी लोटते. मळेवाले गेले, शाळा राहिल्या, म्हणून खेळही राहिला. क्रिकेटखालोखाल लोकप्रिय असलेला तिथला रग्बी आशियात दुसऱ्या पायरीवर कायम मजबूत राहिला आहे. आपल्याकडे शाळांची ही पायाभरणी झाली नाही. त्यामुळे लोकसंख्येने कित्येक पटींनी मोठा असलेला भारत श्रीलंकेच्या मागे राहिला.

आशियाची शिडी

आशियाई रग्बी संघटना १९६८मध्ये स्थापन झाली आणि पहिली आशियाई स्पर्धा १९६९मध्ये टोकियोत झाली. जपानने ती जिंकली. भारताच्या पुरुष संघाला आपला पहिला आंतरराष्ट्रीय सामना खेळायला १९९८ साल उजाडले. प्रतिस्पर्धी सिंगापूर, मैदानही सिंगापूरचे. अभिनेता राहुल बोस त्या संघात होता. पुढे तो भारतीय रग्बी संघटनेचा अध्यक्ष झाला.

आशियाई स्पर्धेची रचना वेळोवेळी बदलत गेली. २००८पासून ‘आशियाई फाइव्ह नेशन्स’ आणि २०१५पासून ‘एशिया रग्बी चॅम्पियनशिप’ या नावाने ती खेळली जाते. रचनेचे तत्त्व मात्र एकच : वर मोजके बलाढ्य संघ, खाली डिव्हिजन १, २, ३ अशा पायऱ्या. आपल्या वाचकांनी रणजी करंडकातील एलिट आणि प्लेट गट आठवावेत. प्लेट गटात चांगली कामगिरी करणारा संघ वर जातो, एलिटमधला ढेपाळलेला खाली येतो. मलेशियाने पुरुषांच्या डिव्हिजन १मधून वर चढून २०१८मध्ये हाँगकाँग आणि दक्षिण कोरिया यांच्यासोबत सर्वोच्च गटात स्थान मिळवले. शिडी चालते याचे हे उदाहरण.

ती सगळीकडे चालते असे मात्र नाही. युरोपात सहा राष्ट्रांच्या प्रतिष्ठित स्पर्धेखाली ‘रग्बी युरोप चॅम्पियनशिप’ ही दुसरी पायरी आहे. जॉर्जियाने ती वर्षानुवर्षे जिंकली, तरी वरच्या सहांत त्याला प्रवेश मिळालेला नाही, कारण तिथे चढ-उताराची व्यवस्थाच नाही. महिलांसाठी जागतिक संघटनेने २०२३मध्ये ‘डब्ल्यूएक्सव्ही’ नावाची तीन स्तरांची स्पर्धा सुरू केली. तिचा दुसरा स्तर पहिल्या वर्षी दक्षिण आफ्रिकेत झाला आणि स्कॉटलंडने जिंकला. म्हणजे स्कॉटलंडसारख्या रग्बीच्या माहेरघरालाही दुसऱ्या पायरीवर उभे राहावे लागते. तिथे उभे राहण्यात कमीपणा नाही. चिंता करावी ती वरची पायरीच नसेल तेव्हा, किंवा असलेल्या पायरीवर खेळायला वर्षानुवर्षे सामनेच मिळत नसतील तेव्हा.

मुली मैदानात येतात

महिला रग्बीचा पहिला आंतरराष्ट्रीय सामना १९८२मध्ये नेदरलँड्स आणि फ्रान्स यांच्यात झाला. पहिली महिला विश्वचषक स्पर्धा १९९१मध्ये वेल्समध्ये भरली, तीही जागतिक संघटनेच्या मान्यतेशिवाय, खेळाडू आणि संयोजक स्त्रियांच्या जिद्दीवर. सोव्हिएत संघाकडे राहण्या-जेवण्यापुरते परकीय चलन नव्हते. त्यांनी विकायला म्हणून व्होडका आणि माशांची अंडी सोबत आणली आणि त्यावरून बराच गाजावाजा झाला. ती स्पर्धा अमेरिकेने इंग्लंडला हरवून जिंकली. अधिकृत इतिहासात तिला पूर्ण मानाचे पान मिळायला बरीच वर्षे जावी लागली. नोंद नसेल तर घडलेली गोष्टही न घडल्यासारखी होते, हे महिला क्रीडेच्या अभ्यासकाला वारंवार दिसते.

भारतात महिला रग्बीने खरा वेग घेतला तो २००९च्या आसपास, आणि तो सातांच्या रूपात. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कोपनहेगन येथे आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने सातांचे रग्बी २०१६च्या रिओ ऑलिंपिकपासून घेण्याचा निर्णय केला. या एका निर्णयाने जगभरच्या लहान रग्बी देशांचे गणित बदलले. खेळ ऑलिंपिकमध्ये गेला की सरकारी निधी, शिबिरे, राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा, नोकरीतील सवलती यांची दारे किलकिली होतात. शिवाय सातांच्या संघाला बारा-तेरा खेळाडू पुरतात, वेगवान मुली काही महिन्यांत तयार होऊ शकतात. धावपटू, खो-खोपटू, कबड्डीपटू यांना या खेळात आणणे सोपे जाते. म्हणून भारताने सात निवडले, ते योग्यही होते.

पण त्याची किंमत होती. पंधरांच्या खेळात स्क्रम असतो : आठ-आठ खेळाडू खांद्याला खांदा भिडवून रेटतात. लाइनआउट असतो : रेषेबाहेर गेलेला चेंडू आत फेकला जातो आणि सोबती खेळाडूला उचलून हवेत धरतात. या गोष्टी शिकायला वर्षे लागतात, वेगवेगळ्या शरीरयष्टीच्या खेळाडू लागतात आणि चुकीच्या पद्धतीने केल्या तर मानेला इजा होते. त्यामुळे भारताच्या महिलांचा पंधरांचा संघ उभा राहायला २०१८ साल उजाडले.

सिंगापूर ते मनिला

जून २०१८मध्ये हा संघ सिंगापूरला गेला. डिव्हिजन १चा हा त्यांचा पहिला मोसम. पुरुषांप्रमाणेच महिलांच्या वाट्यालाही पदार्पणाला सिंगापूरचेच मैदान आले, हा योगायोग लक्षात घेण्यासारखा आहे. तिथे विजय मिळाला नाही. बहुतेक मुलींना पंधरांच्या खेळाचा आंतरराष्ट्रीय अनुभव शून्य होता. कागदावर पाहिले तर हा पराभवांचा मोसम. पण त्या पराभवाने संघाला एक मोजपट्टी दिली. तोवर भारतीय मुलींना आपण पंधरांच्या खेळात नेमक्या कुठे आहोत हेच ठाऊक नव्हते, कारण आंतरराष्ट्रीय सामना खेळल्याशिवाय ते कळत नाही.

वर्षभरानंतर मनिला. चीन, यजमान फिलिपाइन्स, सिंगापूर आणि भारत अशा चार संघांची ही स्पर्धा. अशा स्पर्धेचे स्वरूप समजून घेतले पाहिजे. वरच्या गटातील देश एकमेकांकडे जाऊन, आठवड्याच्या अंतराने सामने खेळतात. खालच्या गटाला तो प्रवासखर्च परवडत नाही. म्हणून सगळे संघ एका शहरात जमतात आणि काही दिवसांत सगळे सामने उरकले जातात. पंधरांच्या रग्बीनंतर शरीर सावरायला साधारण आठवडा लागतो. इथे तेवढी विश्रांती नसते. पहिल्या सामन्यात दुखावलेला खांदा घेऊनच पुढच्या सामन्यात उतरावे लागते. राखीव खेळाडूंची गुणवत्ता मुख्य खेळाडूंच्या जवळपास नसेल तर संघ दुसऱ्या सामन्यातच उघडा पडतो. दुसऱ्या पायरीवरचा ‘मोसम’ हा शब्द असा फसवा आहे. आपल्या डोळ्यांसमोर महिने येतात, प्रत्यक्षात तो आठवडाभराचा असतो. त्या आठवड्यानंतर पुन्हा वर्षभराची प्रतीक्षा.

चीनचा संघ भारताच्या खूपच पुढचा होता आणि ते मैदानावर दिसले. यजमान फिलिपाइन्सनेही भारताला हरवले. उरला होता तो सिंगापूर, म्हणजे वर्षभरापूर्वी ज्याच्या घरी जाऊन भारतीय मुली रिकाम्या हाताने परतल्या होत्या तोच संघ.

सामना अखेरपर्यंत दोलायमान राहिला. बिहारच्या स्वीटी कुमारीच्या वेगाने भारताला गुण मिळवून दिले. अखेरची काही मिनिटे उरली असताना भारताला पेनल्टी मिळाली. ओडिशाची सुमित्रा नायक चेंडूमागे उभी राहिली. पेनल्टीची किक हा रग्बीतला सर्वांत एकाकी क्षण असतो. इतर वेळी चौदा सोबतिणी आजूबाजूला असतात. इथे चेंडू जमिनीवर ठेवायचा, चार पावले मागे जायचे आणि सगळे मैदान थांबलेले असताना लाथ मारायची. सुमित्राची किक खांबांमधून गेली. तीन गुण जमा झाले, फलक २१-१९ झाला आणि तो तसाच राहिला. भारताला कांस्यपदक मिळाले.

चार संघांत तिसरा क्रमांक, एवढीच त्याची कागदावरची किंमत. पण जो संघ वर्षापूर्वी नुकताच उभा राहिला होता, त्याने आपल्याला हरवणाऱ्या संघाशी बरोबरी साधून त्याला मागे टाकले होते. शिडीच्या खालच्या टोकाला प्रगती मोजायची ती अशीच.

कोणाच्या मुली?

या संघाची घडण पाहिली की बॉम्बे जिमखान्याच्या काळापासून केवढे अंतर कापले गेले ते कळते. सुमित्रा नायक भुवनेश्वरच्या कलिंगा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस या आदिवासी मुलांसाठीच्या निवासी संस्थेत शिकली. याच संस्थेच्या मुलांनी २००७मध्ये लंडनला जाऊन चौदा वर्षांखालील आंतरराष्ट्रीय स्पर्धा जिंकली होती. त्यावर पुढे ‘जंगल क्राय’ हा चित्रपट निघाला. स्वीटी कुमारी पाटणा जिल्ह्यातील बाढ परिसरातली. ती आधी धावपटू होती, रग्बी नंतर आला. २०१९मध्येच महिला रग्बीला वाहिलेल्या ‘स्क्रमक्वीन्स’ या संकेतस्थळाने तिला वर्षातील सर्वोत्तम आंतरराष्ट्रीय युवा खेळाडू ठरवले. उत्तर बंगालमध्ये सिलिगुडीजवळच्या सरस्वतीपूर चहामळ्यातल्या मुलीही याच काळात रग्बीत पुढे आल्या. तिथे कोलकात्याच्या ‘जंगल क्रोज’ या संस्थेने खेळ नेला.

मुंबईतही कुंपण आधीच थोडे सैल झाले होते. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस बॉम्बे जिमखान्यात रग्बी खेळणारे मॅथ्यू स्पेसी यांनी जिमखान्यासमोरच्या फॅशन स्ट्रीटच्या पदपथांवर राहणाऱ्या मुलांना मैदानावर आणले. त्यातून पुढे ‘मॅजिक बस’ ही संस्था उभी राहिली. कुंपणाच्या आतला खेळ बाहेरच्या पदपथावरील मुलांच्या हाती गेला, ही भारतीय रग्बीच्या इतिहासातली मोठी घटना मानायला हवी. मोठमोठ्या सामन्यांच्या यादीत तिला जागा नसते, तरीही.

महाराष्ट्राचा वाटा त्यात भक्कम आहे. वाहबिज भरुचाने कनिष्ठ पिढीला दिशा दिली. तिच्यानंतर सातांच्या संघाचे नेतृत्व वैष्णवी पाटीलकडे आले. २०२२मध्ये जकार्ता येथे झालेल्या ‘एशिया रग्बी सेव्हन्स ट्रॉफी’त तिच्या नेतृत्वाखाली भारताने रौप्यपदक मिळवले. ही ट्रॉफी म्हणजे आशियाई सातांच्या मालिकेखालची दुसरी पायरी. २०२४मध्ये काठमांडूला याच स्पर्धेत भारतीय महिलांनी पुन्हा रौप्यपदक आणले.

रिकामी वर्षे

मनिलानंतर पंधरांच्या संघाची चाल मात्र मंदावली. २०२०मध्ये करोनाची साथ आली आणि आशियातल्या स्पर्धा रद्द झाल्या. वरच्या गटातले देश आपल्या साखळी स्पर्धा, व्यावसायिक क्लब, विद्यापीठे यांच्या आधाराने तग धरून राहिले. खालच्या गटाकडे तो आधार नव्हता. वर्षातला एकच आठवडा, तोही गेला. बावीस वर्षांची मुलगी या काळात पंचविशीत येते. घरचे लग्नाचे बोलू लागतात, नोकरीचा प्रश्न उभा राहतो. शिखरावरच्या खेळाडूच्या कारकिर्दीतले एक रिकामे वर्ष आणि दुसऱ्या पायरीवरच्या खेळाडूचे एक रिकामे वर्ष यांची किंमत सारखी नसते.

जून २०२५मध्ये मुंबईच्या अंधेरी क्रीडा संकुलात ‘रग्बी प्रीमियर लीग’चा पहिला हंगाम झाला. सहा संघ, परदेशी खेळाडू, दूरचित्रवाणीवर प्रक्षेपण. चेन्नई बुल्सने तो जिंकला. खेळासाठी ही स्वागतार्ह गोष्ट आहे. पण तो हंगाम सातांचा आणि पुरुषांचा होता. पैसा आणि प्रकाशझोत जिथे पडतात तिथे खेळ वाढतो, हे मान्य करूनही विचारावे लागते की २०१९मध्ये पंधरांच्या खेळात जे कमावले ते टिकवण्यासाठी काय केले जाणार आहे. स्क्रममध्ये पहिल्या रांगेत उभी राहणारी दणकट बांध्याची मुलगी सातांच्या संघात सहसा बसत नाही. पंधरांचा खेळ नसेल तर तिच्यासाठी रग्बीच नाही. वेगळ्या शरीरयष्टीच्या मुलींना सामावून घेणे हे या खेळाचे मोठे सामाजिक मूल्य आहे. ते जपायचे तर वर्षाकाठी पाच-सहा तरी आंतरराष्ट्रीय सामने आणि त्याखाली राज्याराज्यांतले पंधरांचे सामने हवेत. एवढ्या साध्या गोष्टीवर दुसऱ्या पायरीवरचा देश वर चढतो किंवा आहे तिथून घसरतो.

आपल्या पटांगणावरून

छत्रपती संभाजीनगरच्या वाचकाला या साऱ्याशी काय देणेघेणे? हा खेळ बंदरांतून आला आणि मराठवाडा तर निजामाच्या राज्यात, समुद्रापासून दूर. पण बाहेरून आलेला खेळ इथे रुजत नाही असे आपला अनुभव सांगत नाही. विद्यापीठ परिसरातल्या भारतीय क्रीडा प्राधिकरणाच्या केंद्राभोवती तलवारबाजीसारखा पाश्चात्त्य खेळ या शहरात वाढला, हे आपल्या डोळ्यांदेखत घडले आहे. धाराशिवच्या सारिका काळेने खो-खोमध्ये भारताचे नेतृत्व केले, २०१६च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकले आणि २०२०मध्ये अर्जुन पुरस्कार मिळवला. दुष्काळी पट्ट्यातल्या मुलींच्या पायात किती वेग आहे, हे सांगायला आणखी पुरावा नको. चटकन दिशा बदलणे, वाकून धावणे, पकड चुकवणे ही खो-खो आणि कबड्डीची शिदोरी रग्बीत थेट उपयोगी पडते. स्वीटी कुमारी जशी धावण्यातून आली तशी मराठवाड्यातली एखादी मुलगी खो-खोतून येऊ शकते. त्यासाठी शाळेचे पटांगण, एक चेंडू आणि सुरक्षित पकड शिकवणारा जाणता प्रशिक्षक हवा. यातली तिसरी गोष्ट सर्वांत दुर्मीळ आहे.

आणखी एक काम आहे, ते आपल्यासारख्या वाचणाऱ्या-लिहिणाऱ्यांचे. खो-खो आणि कबड्डीचे आजचे रूप मैदानावर घडले तितकेच वह्यांतही घडले : नियम लिहिणाऱ्यांच्या, निकाल नोंदवणाऱ्यांच्या, संघाची यादी जपून ठेवणाऱ्यांच्या. आज जिल्हा पातळीवर मुलींचे सामने होतात आणि निकाल मोबाइलच्या पडद्यावर दोन दिवस राहून नाहीसे होतात. कोण खेळले, गुण कोणी केले, पंच कोण होते, ही माहिती दहा वर्षांनी शोधू म्हटले तर सापडणार नाही. ती वहीत, सालवार, शाळेच्या नावासह उतरवून ठेवायला पैसा लागत नाही.

मनिलाच्या सामन्याची नोंद निदान झाली आहे : जून २०१९, भारत २१, सिंगापूर १९, कर्णधार वाहबिज भरुचा, निर्णायक किक सुमित्रा नायक. कलकत्त्याच्या क्लबने मागे ठेवला तो चांदीचा चषक, ज्यावर आपले नाव नाही. या मुलींनी मागे ठेवली ती ही एक ओळ. भारतातील महिला रग्बीचा इतिहास पुढे कधी सविस्तर लिहिला जाईल तेव्हा पंधरांच्या प्रकरणात विजयांची यादी या ओळीपासून सुरू होईल. तिच्याखाली आणखी ओळी याव्यात यासाठी लागणारे सामने भरवणे संघटनेच्या हाती आहे, मुली पाठवणे शाळांच्या आणि पालकांच्या.